११२ अर्ज आणि एक कॅलिब्रेशनवाला: खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा नोकरीशोध

पार्श्वभूमी

त्याला इथे परशराम म्हणू. नाव बदललंय, आणि गाव जांबोटी रस्त्यावरचं आहे एवढंच सांगतो. वय २७. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमा, आणि त्यानंतर साडेचार वर्षं उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. गिअरबॉक्सची हाउसिंग (बाहेरची पेटी), पंपांच्या बॉडी असलं ग्रे आयर्नचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम. सकाळी लाइनवर जाऊन कालचं रिजेक्शन, म्हणजे नापास नग मोजायचे, ब्लो होल (गॅसची भोकं) किती, सँड इन्क्लुजन (आत अडकलेली वाळू) किती, मिसमॅच (साच्याचे दोन भाग सरकलेले) किती ते रजिस्टरला चढवायचं आणि साचे बनवणाऱ्या मोल्डिंग विभागाच्या सुपरवायझरशी भांडायचं. पगार हातात २१,४००.

फेब्रुवारीच्या शेवटी फाउंड्रीच्या मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर दुसरीकडे वळवली. तीन पाळ्यांची एक झाली आणि अकरा जणांना 'पुढच्या महिन्यापासून नको' असं सांगण्यात आलं. परशराम त्यातला एक. भांडण नाही, तंटा नाही. त्याने डबा उचलला आणि तो घरी आला. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, शेवटच्या तीन पगारपावत्या यांतलं काहीच त्याने मागितलं नाही. हा पहिला घोळ. तो पुढे दोन महिन्यांनी निस्तरावा लागला.

घरची स्थिती सांगायची तर भाताची थोडी शेती, थोडे काजू, दोन म्हशी. बहिणीचं लग्न दोन वर्षांवर आलेलं. त्याच्या खात्यात ६२,००० रुपये होते. गाडीचा हप्ता ३,६५०, घरी द्यायचे ६,००० आणि स्वतःचा खर्च सुमारे ४,००० धरला तर महिन्याला १३,६५०. म्हणजे साडेचार महिने. हा हिशोब त्याने केला नव्हता. माझ्याकडे आला त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून केला, तेव्हा त्यातले सात आठवडे आधीच संपले होते.

मी कोण, तर एका पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेला मास्तर. रविवारी सकाळी घरच्या व्हरांड्यात पोरं येतात, बायोडेटा दाखवतात, चहा पितात. या प्रकरणात माझ्याकडूनही एक मोठी चूक झाली. ती त्या त्या जागी येईलच.

अडचण

"सर, शंभराच्यावर अर्ज केलो. एकबी धड फोन नाही."

मला वाटलं, बोलायची पद्धत. पण पोराने मोबाईलमध्ये स्क्रीनशॉटचा फोल्डरच ठेवला होता. मोजले तर ११२. नोकरी डॉट कॉम, इंडीड, लिंक्डइन, अपना, शिवाय व्हॉट्सॲपवरच्या चार 'जॉब ग्रुप'मधल्या जाहिराती. सात आठवड्यांत तीन फोन आले होते.

पहिला विमा विकण्याच्या कामासाठी. दुसऱ्यात एका नावाजलेल्या कंपनीचं नाव सांगून ऑफर लेटर पाठवलं गेलं आणि मेडिकल व गेटपासपोटी २,८५० रुपये मागण्यात आले. ते त्याने भरले. पैसे गेले ते गेलेच, पण ही गोष्ट त्याने मलासुद्धा तिसऱ्या भेटीत सांगितली, तीही खाली मान घालून. अशा वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते. दीड महिन्यानंतर त्या तक्रारीचा उपयोग जवळजवळ कागदापुरताच. लाजेपायी गेलेले ते दिवस मला २,८५० पेक्षा महाग वाटतात.

तिसरा फोन मात्र खरा होता. पुण्याच्या चाकणहून एका मुलीने केलेला. तिने विचारलं, "खानापूर म्हणजे विट्याजवळचं ना?" हा म्हणाला, "नाही, बेळगावचं." "मग कर्नाटक?" "होय." "बरं, कळवते." तिने कळवलं नाही.

सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, विटा हे त्याचं मुख्य ठिकाण. आपल्याला यात गंमत वाटते, पण पोर्टलवर बसलेल्या माणसाला नुसत्या 'खानापूर'वरून काहीच कळत नाही. बेळगावचंही तेच. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण पुण्या-कोल्हापूरचा माणूस अजून जुन्याच इंग्रजी स्पेलिंगने शोधतो आणि बेंगळुरूचा नव्या. परशरामच्या बायोडेटात दोन्हींपैकी एकही स्पेलिंग नव्हतं. नुसतं खानापूर आणि पिनकोड.

बायोडेटा तर पाहण्यासारखा होता. झेरॉक्सच्या दुकानात बनवलेला, चारी बाजूंनी नक्षीची चौकट, वर देवाचं नाव, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद: क्रिकेट, आणि तळाला 'वरील माहिती सत्य आहे'. तो छापून, सही करून, मोबाईलने फोटो काढून त्याची पीडीएफ केलेली. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ते एक चित्र. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. त्याला चित्रातली अक्षरं धड वाचता आली नाहीत तर 'कास्टिंग', 'इन्स्पेक्शन' हे शब्द त्याच्या लेखी नसतातच. शिवाय नोकरी डॉट कॉमवर नोटीस पिरियड 'एक महिना' राहिलेला. माणूस घरी बसलेला, आणि पोर्टल सांगतंय की हा महिनाभर मोकळा नाही. ज्यांना आजच्या आज माणूस हवा असतो ते नेमकी हीच चाळणी लावतात.

हे सगळं दुरुस्त करायला एक रविवार पुरला. ते दुरुस्त झाल्याने नोकरी मिळाली का? नाही. फोन मात्र वाढले.

समोरचे पर्याय

त्या रविवारी आणि पुढच्या आठवड्यात पाच वाटा समोर होत्या.

चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. त्यांनी शब्द टाकला होता. पॅकिंग लाइनवर, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर, १६,०००. उद्या ये म्हटलं तर उद्या. आई याच बाजूची, कारण "काका हाय की तिथं".

वडिलांना सरकारी भरती हवी होती. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना वास्तव्याचा दाखला जोडून महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत उतरता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण भरती कधी निघेल, वयात बसेल का, तोवर हप्ता कोण भरेल, यावर त्यांचं उत्तर नव्हतं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हटलं की अभ्यास नोकरी करतही होईल.

तिसरी वाट शहरातल्या एका क्लासची: सीएमएम चालवायचा कोर्स, फी १८,०००. सीएमएम म्हणजे तिन्ही अक्षांत माप घेणारं यंत्र. आजकाल मशीन शॉपच्या (ओतीव भाग मशीनवर कापून अचूक मापात आणणाऱ्या कारखान्याच्या) क्वालिटीत त्याला मान आहे. परशरामच्या फाउंड्रीत ते नव्हतं. तिथे सगळं मार्किंग टेबल, हाइट गेज आणि व्हर्नियर या हाताने मापायच्या साधनांवर चालायचं.

चौथी, आहे तसंच अर्ज टाकत राहणं. पाचवी, ओळखीपाळखीतून शोधणं.

पाचवीचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला. "सर, वशिला नको. आणि आमचा वशिला तरी कुठंय?" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. आपल्याकडे ओळख म्हणजे वशिला आणि वशिला म्हणजे लाचारी, असं समीकरण डोक्यात बसलंय. त्यामुळे स्वाभिमानी पोरं ओळखीच्या माणसांना टाळतात आणि अनोळखी पोर्टलसमोर शंभर वेळा हात पसरतात. एखाद्याला 'मला लावून घ्या' म्हणणं निराळं, आणि 'तुमच्या बघण्यात कुठे काय चाललंय' असं विचारणं निराळं. पहिल्याने समोरचा अवघडतो. दुसऱ्याने बहुतेक वेळा खूश होतो, कारण आपल्या धंद्यातलं कळतं ते सांगायला कुणाला आवडत नाही?

गोव्याला दोन महिन्यांनी 'हो' म्हणता येईल का, हे चुलत्यांना विचारून घेतलं. ते म्हणाले, पॅकिंगला माणूस कायम लागतो. म्हणजे ती वाट पळून जाणार नव्हती. ती मागे ठेवली. क्लासची फी भरली तर साडेचार महिन्यांतला सव्वा महिना एका फटक्यात कमी होत होता, म्हणून तेही थांबवलं. पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढायचा विषय निघाला होता, तोही मोडून काढला. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि याची साडेचार झाली होती. ती मोडून पुन्हा शून्यावर कशाला यायचं?

काय केलं

आधी कागद. तो फाउंड्रीत जाऊन आला. एचआरवाल्याने दोन हेलपाटे घालायला लावले, पण रिलीव्हिंग लेटर आणि पगारपावत्या दिल्या. मग नवा बायोडेटा: एक पान, चौकट नाही, फोटो नाही, पत्त्यात शहराची दोन्ही स्पेलिंगं, 'लगेच रुजू होऊ शकतो' ही ओळ वरच, आणि कामाचा तपशील आकड्यांत. चार वर्षांत ज्या हाउसिंगचं रिजेक्शन त्याच्या डोळ्यांदेखत ९ टक्क्यांवरून ५ वर आलं, त्यात त्याने नेमकं काय केलं ते तीन ओळींत.

इथे माझी चूक. मी त्याला फाउंड्री खाली ढकलायला लावली. म्हटलं, "फाउंड्री वाचलं की लोकांना धूळ दिसते. ड्रॉइंग वाचता येतं, गेज येतात, ते वर घे." आणि शोधाचा रोख पुण्याकडे ठेवला, कारण माझे जुने विद्यार्थी चाकण-भोसरीला ढिगाने आहेत. तीन आठवडे गेले. तो दोनदा रात्रीच्या गाडीने पुण्याला जाऊन आला. दोन्हीकडे विचारलं, सीएमएमवर किती वर्षं? शून्य. दोन्हीकडे तिथेच संपलं. तिथे त्याच्यासारखी डिप्लोमावाली पोरं गल्लीगल्लीत आहेत. त्याच्याकडे जे वेगळं होतं तेच मी खाली ढकललं होतं.

मेच्या मध्यावर वही काढली. आधी त्याने ओळखीची नावं लिहिली: १४. सगळी भावकी, वर्गमित्र आणि गावच्या गणेशोत्सव मंडळातली. या चौदाही जणांना तो घरी बसलाय हे आधीच ठाऊक होतं, आणि त्यांना जे माहीत होतं ते यालाही माहीत होतं. मी म्हटलं, "ही राहू देत. आता सांग, साडेचार वर्षांत तुझ्या टेबलाशी बाहेरचं कोण कोण येऊन उभं राहिलं?"

मग वहीची पानं भरायला लागली. गिऱ्हाइकांचे इन्स्पेक्टर. रेझिन आणि सँड पुरवणाऱ्या कंपनीचा सेल्सवाला, जो आठवड्याला दहा फाउंड्र्या फिरतो. स्पेक्ट्रोमीटर दुरुस्त करायला येणारा सर्व्हिस इंजिनिअर. कोल्हापूरला माल नेणारा टेम्पोवाला. फाउंड्री सोडून गेलेले चार जुने सुपरवायझर. आणि व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज तपासून त्यांवर स्टिकर लावायला वर्षातून एकदा येणारा कॅलिब्रेशनवाला. शेवटी ७१ नावं झाली.

जुन्या सहकाऱ्यांचा पत्ता लावायला लिंक्डइन खरं कामाला आलं. तिथे कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा भाग असतो. कोण कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत, काय काम करतो हे त्यात गाळून बघता येतं. परशरामने आपलं कॉलेज उघडलं, शहर म्हणून कोल्हापूर टाकलं आणि गप्पच झाला. त्याच्या दोन वर्षं पुढची सहा जणं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात होती. "हे कसं नाही दिसलं मला?" दिसणार कसं? पोर्टलवर तो 'बेळगाव, कर्नाटक' असं शोधत होता. शिनोळी आपल्या बेळगावजवळच आहे, हलकर्णी, कागल पलीकडेच, पण राज्य बदललं की ही सगळी ठिकाणं कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात जाऊन बसतात आणि यादीतून गळतात. आपण बाजाराला, लग्नाला, जत्रेला सीमा मानत नाही, आणि नोकरी शोधताना मात्र चाळणीतली ती एक खूण मानून बसतो. त्या दिवसापासून त्याने तीन अलर्ट लावले: बेळगाव, कोल्हापूर, गोवा.

आता निरोप. त्याचा पहिला निरोप इंग्रजीत होता: 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम इन सर्च ऑफ जॉब, काइंडली डू द नीडफुल.' बारा जणांना गेला, एकाचंही उत्तर नाही. आम्ही तो टाकून दिला आणि मराठीत लिहिला:

'नमस्कार सर. मी परशराम, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत क्वालिटीला होतो. तुम्ही दरवर्षी गेज कॅलिब्रेशनला यायचात, मागच्या वेळी आमचं हाइट गेज तुम्ही नापास केलं होतं. फेब्रुवारीत ऑर्डर कमी झाल्याने काम सुटलं. तुमचं इतक्या कंपन्यांत जाणं होतं, तर कास्टिंग घेऊन मशिनिंग करणाऱ्या कुठल्या कंपनीत सध्या काम वाढलंय, एवढं सांगाल का? दहा मिनिटं फोनवर बोललो तरी चालेल.'

प्रत्येक निरोपात एक आठवण, एक प्रश्न, आणि 'लावून घ्या' हा शब्द नाही. ७१ पैकी ४६ जणांना निरोप गेले, २९ जणांची उत्तरं आली. एकवीस जण नुसतंच 'बघतो' म्हणाले. एकाने थेट विचारलं, "मला काय मिळणार?" त्याचं नाव खोडलं. सात जणांनी कामाचं काही सांगितलं.

कॅलिब्रेशनवाल्याने त्याच संध्याकाळी फोन केला. "अरे, ते हाइट गेज! तो तूच होय?" हसून झाल्यावर म्हणाला, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपने नवीन सीएमएम बसवलंय, मी गेल्याच आठवड्यात तिथे होतो. चालवणारा एकच माणूस आहे आणि तोही सोडायच्या बेतात. शिवाय त्यांचं निम्मं कास्टिंग बेळगावहून येतं आणि रोज फाउंड्रीशी फोनवर शिवीगाळ चालते. "तिथला क्वालिटी हेड माझ्या ओळखीचा आहे. तुझा नंबर देऊ का?"

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलेला एक मुद्दा मी वर्गात कैक वर्षं सांगत आलो. बॉस्टनजवळच्या एका गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले फक्त १७ टक्क्यांच्या आसपास. वर्षाकाठी एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे सुमारे २८ टक्के. उरलेले सगळे अधूनमधून भेटणारे. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या पाच वर्षांच्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही फार घट्ट ओळखींपेक्षा बेताच्या सैल ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्या. फळ्यावर मी हे पन्नासदा लिहिलं असेल, तरी परशरामची वही भरताना सुरुवात भावकीपासूनच होऊ दिली.

निर्णयाची वळणं

कागलच्या पहिल्या भेटीआधी प्रश्न होता तो बायोडेटाचा. माझा ड्रॉइंग-गेजकडे झुकलेला पाठवायचा की फाउंड्रीचा? परशराम म्हणाला, "सर, त्यांचं भांडण फाउंड्रीशी हाय. मग फाउंड्रीच वर पाहिजे." त्याने तो स्वतः बदलला. वर लिहिलं: कास्टिंग क्वालिटी, साडेचार वर्षं. आणि तोवर कुठेच नसलेली एक ओळ घातली: मराठी, कन्नड, हिंदी बोलता येतं. त्याचं कन्नड पुस्तकी नाही, मोल्डिंगच्या पोरांबरोबर जमलेलं आहे. त्याला ती लिहिण्यासारखी गोष्टच वाटत नव्हती.

मुलाखतीत क्वालिटी हेडने टेबलावर एक मशिनिंग झालेली हाउसिंग ठेवली. बोअरमध्ये भोक उघडं पडलेलं. "हे काय आहे आणि चूक कुणाची?" परशरामने ते खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं. आतून गुळगुळीत, गोलसर. म्हणाला, हा गॅस आहे, श्रिंकेज (धातू थंड होताना आकसून पडलेली पोकळी) नाही. श्रिंकेज आतून खडबडीत असतं. जागा बघता कोअरमधला (पोकळीसाठी साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यातला) गॅस बाहेर पडलेला नाही, कोअर ओलसर असेल किंवा वेंट, म्हणजे गॅसची वाट, बुजलं असेल. चूक फाउंड्रीची. पण बाहेरून ते दिसणार नव्हतं, म्हणून डेबिट नोट (पैसे कापून घेत असल्याचा कागद) पाठवण्याआधी त्याच हीटचे, म्हणजे त्याच वेळी वितळवलेल्या लोखंडाचे, आणखी चार नग कापून बघावेत. "आणि फोन मी करतो सर, त्यांच्या भाषेत."

मशीन शॉपवाल्यांचं दुखणं इथेच असतं. मशिनिंगचा खर्च झाल्यावर आतला दोष उघडा पडतो, आणि तो खर्च कुणी सोसायचा यावरून महिनोन् महिने वाद चालतात. दोन्ही बाजूंची भाषा कळणारा माणूस त्यांना हवा होता. सीएमएम शिकवता येतं.

यातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट: त्या फोननंतर सोळा दिवसांनी हीच जागा पोर्टलवर आली. ठिकाण कोल्हापूर, अट 'सीएमएमवर तीन वर्षांचा अनुभव'. त्या वाटेने परशराम गेला असता तर पहिल्याच चाळणीत बाद. तोवर त्याची एक भेट होऊन गेली होती आणि अट लिहिणाऱ्यानेच त्याला दुसऱ्या फेरीला बोलावलं होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन ऑफर हातात होत्या. हुक्केरी तालुक्यातल्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत २२,०००. ही लिंक्डइनवर सापडलेल्या कॉलेजच्या सीनियरमुळे आलेली. आणि कागलची, कंपनीच्या पटावर २४,५००, सहा महिने प्रोबेशन. आईला हुक्केरी जवळ वाटत होतं. कागलला खोलीभाडं आणि मेसचा खर्च धरला तर हातात उरणारी रक्कम जवळपास सारखीच. परशरामने दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला: सहा महिन्यांनी मी कुठल्या मशीनवर असेन? हुक्केरीच्या कंत्राटदाराला उत्तर देता आलं नाही. मग ठरलं. वडिलांनी "महाराष्ट्रात आपले कागद चालतील काय?" असं विचारलं, तेव्हा खासगी नोकरीला सहसा रहिवासाचा प्रश्न येत नाही हे त्यांना समजावून द्यावं लागलं.

काय झालं

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो रुजू झाला. मधे मच्छेला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर बारा दिवस इन्स्पेक्शन केलं होतं, त्याचे ७,२०० धरूनही खात्यात नऊ हजारांच्या आत उरले होते. आणखी एक महिना लागला असता तर चुलत्यांकडे वेर्ण्याला जावंच लागलं असतं.

पुढचं सगळं गोडच झालं असं नाही. सीएमएमचा जुना माणूस ठरल्याआधीच सोडून गेला, त्यामुळे शिकवायला कुणी नव्हतं. मशीन कंपनीच्या ट्रेनिंगचे चार दिवस आणि बाकी रात्री जागून. त्याचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. त्या काळात दोनदा त्याने मला "परत येतो" म्हणून फोन केला. आता चौदा महिने झालेत. महिन्यातून एकदा कंपनीची गाडी त्याला उद्यमबागेत फाउंड्री ऑडिटला आणते, आणि ज्या गेटमधून डबा उचलून तो बाहेर पडला होता त्याच गेटवर आता व्हिजिटरचा पास घेतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिले सात आठवडे. काम सुटलं त्याच आठवड्यात कागद घेतले असते, हिशोब मांडला असता आणि वही उघडली असती तर वेळ हाताशी राहिला असता. पैसे संपत आले की माणूस दुसऱ्या ऑफरची वाट बघू शकत नाही.

पुण्याचे तीन आठवडे माझ्या खात्यावर. मी माझ्या ओळखींचा नकाशा त्याच्यावर लादला. त्याचा माल कुठे जातो, कुठून येतो, त्या वाटेवर कोण कोण उभं आहे, हे आधी विचारायला हवं होतं. बेळगावचं कास्टिंग कोल्हापूरला जातं, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

पोर्टल बंद करायला हवी होती का? नाही. चारपैकी एक मुलाखत पोर्टलवरूनच आली, आणि पगाराचा अंदाज तिथल्या जाहिराती वाचूनच बांधता आला. फक्त दिवसाचे चार तास तिथे घालवण्याऐवजी एक तास पुरला असता.

आणि एक राहिलं. नोकरी लागल्यावर परशरामने गावात पेढे वाटले, मला डबा आणून दिला, चुलत्यांना फोन केला. कॅलिब्रेशनवाल्याला कळवायचं राहून गेलं. विसरला असं नाही, "पहिला पगार झाल्यावर सांगू" म्हणत राहिला. सप्टेंबरमध्ये तो माणूस गेज तपासायला कागलला आला आणि क्वालिटीच्या खोलीत समोर हा. "अरे! सांगायचं तरी होतंस." रागावला नाही, पण चेहरा उतरला होता, असं परशरामच सांगतो. त्याला गेटबाहेरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. परशराम पैसे द्यायला गेला तर कॅलिब्रेशनवाल्याने हात धरला आणि म्हणाला, "राहू दे. तुमच्या त्या जुन्या फाउंड्रीतून निघालेला आणखी एक पोरगा मला फोन करतोय. इथे जागा आहे का बघ."

परशरामने तिथेच वही काढली. ती अजून त्याच्या बॅगेत असते. त्या पोराचं नाव लिहून घेतलं, आणि शेजारच्या कंपनीतल्या स्टोअरकीपरला दुपारी फोन केला.